लिंकर-दोष, कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्तीनंतरचे

संगणकाची कार्यप्रणाली एका आवृत्तीतून पुढच्या आवृत्तीत नेल्यानंतर, ज्याच्या मूळ मजकुरात एका अक्षराचाही फेरफार झालेला नाही आणि जो कालपर्यंत बिनतक्रार बांधला जात होता, असा प्रोग्रॅम बांधणीच्या अखेरच्या टप्प्यावर अडतो, व ‘अनडिफाइंड रेफरन्स’, ‘कॅनॉट फाइंड’ किंवा ‘सिंबल्स नॉट फाउंड’ अशा शब्दांत लिंकर त्याची जोडणी नाकारतो. त्या दोषांचा, त्यांच्या कारणांचा आणि परिहाराचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. उदाहरणे मुख्यतः लिनक्स व मॅकओएस या दोन प्रणालींवरील सी आणि सी++ भाषांतील प्रोग्रॅमची आहेत.

कंपायलर मूळ मजकुराच्या प्रत्येक फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करून तिची ऑब्जेक्ट फाइल सिद्ध करतो. परंतु त्या फाइलीत ज्या फलनांचा नुसता उल्लेख आहे व ज्यांची व्याख्या अन्यत्र आहे, त्यांची केवळ नावे तो नोंदवून ठेवतो आणि पत्ता भरण्याची जागा मोकळी सोडतो. अन्य ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्रऱ्या (तयार फलनांचे संग्रह) धुंडाळून या मोकळ्या जागा भरणे हे लिंकरचे काम. एखाद्या कचेरीतील कागदात दुसऱ्या कागदाचा हवाला नुसत्या क्रमांकाने दिलेला असावा आणि दप्तराची फेरमांडणी होताच तो क्रमांक कोणत्याच कागदाशी जुळू नये, तशी अवस्था कार्यप्रणाली बदलल्यावर या नावांची होते: हवाला देणाराही चुकलेला नसतो आणि हवाल्यातील वस्तूही बहुधा नष्ट झालेली नसते, परंतु दोहोंमधील पूर्वीचा संकेत मोडलेला असतो. हा संकेत कोठे मोडला हे शोधणे म्हणजेच या दोषाचे निदान होय. आणि ते न करता हाताला येईल तो उपाय लावीत सुटल्याने मूळ दोष झाकला जाऊन त्याच्या जागी अधिक दुर्बोध दोष उभा राहतो.

निदानाचा आरंभ, तक्रार कोण करीत आहे हे ओळखण्यापासून करावा लागतो. हेडर फाइल सापडत नाही असा संदेश आला तर बोलणारा कंपायलर आहे आणि जोडणीची वेळ अद्याप आलेलीच नाही. ‘अनडिफाइंड रेफरन्स टू’ हे शब्द लिंकरचे. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असा संदेश मात्र लोडरचा असून तो प्रोग्रॅम बांधून झाल्यानंतर, चालविण्याच्या वेळी येतो. जीसीसी हा कंपायलर वापरणारांच्या पडद्यावर अशा प्रसंगी सर्वांत खाली ‘कलेक्ट-टू : एरर : एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस’ ही ओळ उमटते, आणि साहाय्य मागणारे पुष्कळदा तेवढीच ओळ उद्धृत करतात. त्या ओळीत लिंकर अयशस्वी झाला याहून अधिक काहीही सांगितलेले नसते. खरा मजकूर तिच्या वर, कधी शेकडो ओळी वर, असतो आणि त्यातही पहिला संदेश सर्वांत मोलाचा, कारण मागून येणारे बहुतेक संदेश त्याचीच संतती असतात.

लिंकरविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते: त्याची भाषा रूक्ष असली तरी तो कोणते नाव सापडले नाही आणि ते कोणत्या ऑब्जेक्ट फाइलीला हवे होते, या दोन्ही गोष्टी नेमक्या सांगतो. हे नाव हाती आल्यावर ‘एनएम’ या उपकरणाने लायब्ररीतील नावांची यादी काढून ते तेथे आहे की नाही याची खातरजमा करता येते. सी++ मधील विकृत केलेली लांबलचक नावे ‘सी++फिल्ट’ वाचनीय करून देतो. आणि ‘रीडएल्फ’ हे उपकरण एखादी फाइल कोणत्या लायब्रऱ्यांवर व त्यांतील कोणत्या आवृत्त्यांवर अवलंबून आहे याचा तपशील देते.

सर्वांत सामान्य आणि सर्वांत सोपा प्रकार लायब्ररीच न सापडण्याचा. येथे अनेकांना असा संभ्रम पडतो, की लायब्ररी तर संगणकावर डोळ्यांना दिसते आहे, मग लिंकरला ती का दिसू नये? डेबियन व उबुंटू या वितरणांत प्रोग्रॅम चालविण्यास लागणारी, आवृत्तिक्रमांक धारण करणारी फाइल एका पॅकेजात असते, आणि जोडणीच्या वेळी लिंकर जे क्रमांकविरहित नाव शोधतो ते, हेडर फाइलींसह, ‘-डेव्ह’ हा प्रत्यय असलेल्या निराळ्या पॅकेजात असते. नव्या आवृत्तीत या दुसऱ्या पॅकेजाचे नाव बदललेले असले किंवा स्थलांतराच्या ओघात ते गळले असले, म्हणजे जुना प्रोग्रॅम चालतो पण नवा बांधला जात नाही. ते पॅकेज पुन्हा बसविले की काम झाले.

यापेक्षा सूक्ष्म प्रकार मूलभूत शिरस्ता बदलण्याचा आहे. 2011 च्या ऑक्टोबरात आलेल्या उबुंटू 11.10 मध्ये लिंकरला ‘ॲज-नीडेड’ हा पर्याय न मागता लागू करण्यात आला. म्हणजे आदेशात नाव घेतलेली सामायिक (प्रोग्रॅम चालविताना स्मृतीत येणारी) लायब्ररी, तिची गरज त्या क्षणापर्यंत सिद्ध झालेली नसेल तर, लिंकर सोडून देऊ लागला. एखाद्या विद्यार्थ्याने वापरकर्त्याकडून कोन घेऊन त्याची कोज्या छापणारा दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आहे आणि तो ‘जीसीसी -एलएम गणित.सी’ अशा आदेशाने बांधतो आहे असे समजा. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. गणिताची लायब्ररी त्याच्यासमोर प्रथम येते, तेव्हा ‘कॉस’ हे नाव कोणीही मागितलेले नसते. सबब ती बाजूला पडते, आणि नंतर प्रोग्रॅमची फाइल येऊन ‘कॉस’ मागते तेव्हा ते देणारे कोणी उरलेले नसते. जुन्या प्रणालीवर हाच आदेश वर्षानुवर्षे चालला होता. लायब्ररीचे नाव फाइलीच्या नंतर, आदेशाच्या शेवटी, लिहिले की दोष नाहीसा होतो. याच प्रोग्रॅममध्ये कोन वापरकर्त्याकडून न घेता मजकुरातच शून्य असा लिहिला, तर जीसीसी ती किंमत कंपायलिंगच्या वेळीच काढून मोकळा होतो, लायब्ररीची गरजच पडत नाही आणि चुकीचा आदेशही यशस्वी होतो. आपला छोटा नमुना चालतो परंतु मोठा प्रोग्रॅम चालत नाही, या कोड्याचे उत्तर कित्येकदा येथे असते.

त्याच कुळातील दुसरा बदल जीसीसीच्या दहाव्या आवृत्तीने, 2020 साली, केला. हेडर फाइलीत ‘एक्स्टर्न’ न लिहिता घोषित केलेला सार्वत्रिक चल अनेक फाइलींत गेला, तरी त्या सर्व प्रती एकच मानण्याची सवलत सी भाषेचे कंपायलर दीर्घकाळ देत आले होते. ती सवलत आता मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ या तक्रारींची रांग लागते. ‘-एफकॉमन’ हा पर्याय देऊन जुनी वहिवाट तूर्त चालू ठेवता येते. तथापि प्रस्तुत लेखकाच्या मते हा बदल सर्वथा योग्य होता, कारण दोन निरनिराळ्या फाइलींतील एकाच नावाचे दोन चल नकळत एक होऊन जाणे हा दोष त्या प्रोग्रॅममध्ये पूर्वीपासूनच होता, नव्या कंपायलरने तो केवळ उघड केला. हेडरमध्ये घोषणा आणि कोणत्याही एकाच फाइलीत व्याख्या, हा त्यावरचा खरा उपाय. तिसरा बदल असा: उबुंटू 16.10 पासून प्रोग्रॅम स्मृतीत कोठेही बसू शकेल अशा रीतीने बांधण्याचा नियम 64-बिट इंटेल संगणकांवर लागू झाला, तेव्हा जुन्या स्थिर लायब्रऱ्यांवर (ऑब्जेक्ट फाइलींच्या गठ्ठ्यांवर) ‘रीकंपाइल विथ -एफपीआयई’ किंवा ‘-एफपीआयसी’ असा संदेश येऊ लागला. येथे लिंकरने उपायही सांगितलेला आहे आणि तो अक्षरशः पाळावा.

नावे खरोखरच बदलण्याचा प्रकार याहून गंभीर होय. 2015 साली जीसीसी 5 बरोबर सी++ च्या प्रमाण लायब्ररीतील ‘स्ट्रिंग’ व ‘लिस्ट’ यांची अंतर्रचना बदलली आणि जुन्या-नव्यांची गल्लत होऊ नये म्हणून नव्या रूपांच्या नावांत ‘सीएक्सएक्स11’ ही खूण घालण्यात आली. त्यामुळे उबुंटू 14.04 वर बांधलेली लायब्ररी 16.04 वर नव्या प्रोग्रॅमशी जोडू जाता डझनावारी नावे बेवारस ठरत. संदेशात ही खूण दिसली की निदान संपलेच: एक भाग जुन्या संकेताने आणि दुसरा नव्या संकेताने बांधलेला आहे. दोन्ही एकाच कंपायलरने पुन्हा बांधावेत. ते अशक्य असेल तर ‘_जीएलआयबीसीएक्सएक्स_यूज_सीएक्सएक्स11_एबीआय’ या चिन्हाची किंमत शून्य ठेवून नवा भाग जुन्या संकेताने बांधावा.

परंतु या संपूर्ण विषयाचे मर्म ज्या एका प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते ते ग्नू सी लायब्ररीच्या, म्हणजे जीलिबसीच्या, 2.31 या आवृत्तीचे. गणिती क्रिया वेगाने व्हाव्यात म्हणून ‘-एफफास्ट-मॅथ’ हा पर्याय देऊन प्रोग्रॅम बांधला, की पूर्वीची हेडर फाइल ‘एक्स्प’, ‘लॉग’, ‘पॉव’ यांच्या हाका ‘__एक्स्प_फायनाइट’ अशा आतल्या नावांकडे परस्पर वळवीत असे. फेब्रुवारी 2020 मध्ये ही व्यवस्था रद्द झाली. ज्यांच्यात ही नावे आधीच कायमची नोंदली गेली होती असे तयार प्रोग्रॅम नव्या प्रणालीवर सुखेनैव चालत राहिले, कारण त्यांच्यासाठी ती नावे लायब्ररीत राखून ठेवण्यात आली. पण नव्या जोडणीसाठी ती नावे लिंकरला दिसेनाशी करण्यात आली. परिणामी उबुंटू 20.04 वर आलेल्या माणसाला, जुना प्रोग्रॅम चालतो, परंतु त्याच प्रोग्रॅमची जुनी स्थिर लायब्ररी घेऊन नवा प्रोग्रॅम जोडता येत नाही, असा विरोधाभास अनुभवास आला. तो विरोधाभास नव्हे. पूर्वी झालेले करार पाळणे ही जीलिबसीची निष्ठा आहे. मात्र जुन्या अटींवर नवे करार करण्याचे बंधन तिने स्वतःवर कधी घेतलेले नाही. स्थिर लायब्ररी किंवा सुटी ऑब्जेक्ट फाइल हा पुरा झालेला करार नसून करारनाम्याचा कच्चा मसुदा असतो, आणि म्हणून कार्यप्रणाली बदलताना प्रथम तीच धोक्यात येते. या आवृत्तीवर ज्यांच्या गणिती लायब्रऱ्या अडल्या, त्यांच्यापुढे त्या मुळापासून पुन्हा बांधणे हाच सरळ मार्ग होता.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे नव्या प्रणालीवर बांधलेला प्रोग्रॅम जुन्या प्रणालीवर नेणे, या निष्ठेच्या कक्षेत येतच नाही. ऑगस्ट 2021 मधील जीलिबसी 2.34 मध्ये ‘पीथ्रेड’ची लायब्ररी मुख्य सी लायब्ररीत विलीन झाली, जुने आदेश मोडू नयेत म्हणून त्या नावाची रिकामी स्थिर लायब्ररी मागे ठेवण्याची तजवीजही करण्यात आली. तथापि प्रोग्रॅमच्या प्रारंभी चालणाऱ्या फलनास नवी आवृत्ती मिळाल्यामुळे, या प्रणालीवर बांधलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम जुन्या संगणकावर ‘जीलिबसी 2.34 नॉट फाउंड’ म्हणून थांबतो. ज्यांना आपले काम जुन्या संगणकांपर्यंत पोहोचवावयाचे आहे त्यांनी जुन्या प्रणालीवरच बांधावे, हा नियम त्यातून निघतो. पायथॉनच्या पॅकेजांसाठी ठरविलेला ‘मेनीलिनक्स2014’ हा संकेत सेंटओएस 7 व तिच्या जीलिबसी 2.17 वर उभारलेला आहे तो याच कारणास्तव.

मॅकओएसवर कारणांची जात निराळी आहे. 2018 च्या मोहावी आवृत्तीपासून प्रणालीची हेडर ‘/यूएसआर/इन्क्लूड’ या परंपरागत जागी ठेवली जात नाहीत, ती एसडीकेच्या (सॉफ्टवेअर विकास संचाच्या) पोटात असतात. आणि 2020 च्या बिग सरपासून प्रणालीच्या सामायिक लायब्रऱ्या स्वतंत्र फाइली म्हणून डिस्कवर नसतातच, त्या एका एकत्रित साठ्यात असतात आणि लिंकरला एसडीकेमधील ‘टीबीडी’ नावाच्या मजकूरवजा याद्या पुरतात. म्हणून जो बांधणीचा आदेश अमुक ठिकाणी अमुक फाइल असेलच असे धरून चालतो, तो येथे निराधार होतो. कार्यप्रणाली बदलल्यावर ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ या आदेशाने कमांड लाइन टूल्स पुन्हा बसवावीत, आणि ‘एक्ससीरन --शो-एसडीके-पाथ’ दाखवितो ती वाट प्रत्यक्षात अस्तित्वात आहे हे पाहावे. इंटेल संगणकावरून ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या संगणकावर सर्व सामान जसेच्या तसे नेलेले असेल, तर ‘/यूएसआर/लोकल’मधील होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकाच्या जुन्या लायब्रऱ्या ‘एक्स86-64’ जातीच्या असतात आणि नवे होमब्रू ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये ‘आर्म64’ जातीच्या बसविते. लिंकरला पहिल्या सापडल्या की तो त्या वगळल्याची सूचना देतो व त्यानंतर सारी नावे न सापडल्याची तक्रार करतो. ती सूचना दोषाच्या यादीच्या वर असते आणि केवळ सूचना म्हणून दुर्लक्षिली जाते, ही मोठी खेदाची गोष्ट. 2023 च्या एक्सकोड 15 मध्ये लिंकरच नव्याने लिहिलेला आला. ‘-एलडी_क्लासिक’ या पर्यायाने जुना लिंकर मागण्याची सोय त्यात ठेवलेली होती.

दोन्ही प्रणालींवर, इतर काही करण्यापूर्वी, बांधणीचे जुने अवशेष समूळ काढणे इष्ट. सीमेक हे साधन पहिल्या वेळी सापडलेल्या लायब्रऱ्यांच्या संपूर्ण वाटा ‘सीमेककॅश’ नावाच्या फाइलीत लिहून ठेवते आणि पुढे त्याच प्रमाण मानते. ‘मेक क्लीन’ने ऑब्जेक्ट फाइली जातात, ही नोंदवही जात नाही. अशा वेळी सीमेक नाहीशा झालेल्या एसडीकेचा पत्ता लिंकरला देत राहते. बांधणीची संपूर्ण निर्देशिका काढून नव्याने आरंभ करावा.

एका उपायाचा मात्र स्पष्ट निषेध केला पाहिजे. हवी ती आवृत्ती नाही म्हणून असलेल्या आवृत्तीला जुन्याचे नाव देणारा दुवा निर्माण करण्याची रीत फार प्रचलित आहे, उबुंटू 22.04 ओपनएसएसएल 3 घेऊन आली आणि ‘लिबएसएसएल’ची 1.1 आवृत्ती नाहीशी झाली तेव्हा हा प्रयोग कितीकांनी केला. ओपनएसएसएलच्या नावांवर आवृत्तीची मोहोर असल्यामुळे लोडर तेथे ही बतावणी ओळखतो आणि नाकारतो. जेथे अशी मोहोर नाही तेथे प्रोग्रॅम चालू होतो, संरचनांचे आकार जुळत नसल्यामुळे भलत्याच स्मृतीत लिहितो आणि केव्हातरी चुकीची उत्तरे देतो. जोडणी न होण्यापेक्षा हे शतपटीने वाईट. जीलिबसीची फाइल हाताने बदलणे तर प्रणालीच्या प्राणावरच बेतते, कारण फाइल परत जागेवर ठेवण्यास लागणारे आदेशही तिच्यावरच चालतात.

मूळ मजकूर उपलब्ध नसलेली, कोणा विक्रेत्याने पूर्वी दिलेली स्थिर लायब्ररी अडली, तर जुन्या प्रणालीची प्रतिमा कंटेनरमध्ये उभी करून संपूर्ण प्रोग्रॅम तेथेच जोडावा. तो नव्या प्रणालीवर चालण्यास लागणाऱ्या जीलिबसीव्यतिरिक्तच्या सामायिक लायब्रऱ्या त्याच्यासोबत द्याव्यात. आणि ती प्रतिमा, तिच्यातील कंपायलरच्या आवृत्तीच्या नोंदीसह, मूळ मजकुराच्या शेजारी जतन करावी.