टाळूवरील अवशिष्ट छिद्र आणि वाणी : एका चिकित्सेचा इतिहास

जन्मतः दुभंगलेली टाळू शल्यक्रियेने सांधल्यानंतर काही रुग्णांत तोंड व नाक यांना जोडणारे एक लहानसे छिद्र मागे राहते. पाण्याचा घोट नाकात चढतो, उच्चाराच्या वेळी वारा नाकावाटे निसटतो, आणि सांधलेली टाळू आपले काम अर्धेच करते. या छिद्राच्या चिकित्सेचा इतिहास प्रस्तुत लेखात थोडक्यात पाहावयाचा आहे. हा इतिहास ‘छिद्र बुजले काय?’ या प्रश्नापासून ‘रुग्ण बोलतो कसा?’ या प्रश्नापर्यंतचा प्रवास होय. म्हणूनच तो भाषेच्या अभ्यासकालाही परका नाही. गोंदियासारख्या बहुभाषी जिल्ह्यात तर मुळीच नाही.

प्रथम संज्ञेचा विचार करू. सुश्रुतसंहितेत मुखाचे एकूण ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी नऊ टाळूचे आहेत. गलशुण्डिका, तुण्डिकेरी, तालुशोष, तालुपाक इत्यादी या नऊ रोगांत दुभंगलेल्या टाळूचा स्वतंत्र निर्देश नाही. मात्र शारीरस्थानात गर्भाच्या दोषांत, तसेच निदानस्थानात वातविकारांत, मूकाच्या जोडीला ‘मिन्मिन’ (किंवा ‘मिन्मिण’) असा शब्द येतो. नाकात बोलणारा, मराठीत ज्याला आपण गेंगाणा म्हणतो तो, असा त्याचा अर्थ होय. प्राचीन शल्यविदाला विकृत वाणी ऐकू आली होती. तिचे एक कारण टाळूच्या भेगेत असू शकते, हा संबंध मात्र त्या ठिकाणी जोडलेला नाही. नाडीव्रण ही संज्ञाही येथे जशीच्या तशी लागू पडत नाही. सुश्रुताचा नाडीव्रण म्हणजे दुर्लक्षिलेल्या गळवाचा पू आत शिरून झालेली नळी. टाळूवरील छिद्राला पुवाची गरज नसते. जखमेच्या कडा उकलतात, तोंडाची व नाकाची आवरणत्वचा छिद्राच्या काठावर एकमेकींस मिळते, आणि वाट कायम होते. म्हणून ‘अवशिष्ट छिद्र’ हा साधा शब्दच अधिक यथार्थ वाटतो.

पश्चिमेकडे सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे याने टाळूवरील छिद्र झाकण्यासाठी धातूच्या चकत्या सुचविल्या. त्या काळची अशी छिद्रे बहुधा उपदंशाने वा बंदुकीच्या गोळीने झालेली असत. झाकण घालावे, जखम सांधू नये, असाच तो विचार होता. सांधण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न बर्लिन येथे फोन ग्रेफ याने इ. स. १८१६ मध्ये केला. १८१९ मध्ये पॅरिसला फिलिबेर रू याने जॉन स्टीफन्सन या कॅनडियन वैद्यकविद्यार्थ्याची मृदुतालू सांधली. भूल देण्याची विद्या तेव्हा उपलब्ध नव्हती. याच स्टीफन्सनने १८२० साली एडिंबरो येथे आपल्यावरील शल्यक्रियेवरच लॅटिन प्रबंध सादर केला आणि पुढे मॉन्ट्रिअल येथील वैद्यकीय शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांत तो गणला गेला. रुग्णाने स्वतः लिहिलेला वृत्तान्त या शाखेच्या आरंभीच उभा आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

छिद्र राहण्याचे मुख्य कारण ताण, हे लवकरच ध्यानात आले. डीफेनबाख याने १८२८ मध्ये दोन्ही बाजूंना शिथिल करणारे छेद सुचविले. लांगेनबेक याने १८६१ मध्ये हाडावरील पडद्यासह श्लेष्मल त्वचा उचलून मध्यभागी आणण्याची रीत दिली. आता भेग मिटू लागली. पण मिटलेल्या टाळूचे रुग्णही गेंगाणेच बोलत. फ्रँकफुर्टच्या पासाव्हान याने १८६० च्या दशकात या विसंगतीकडे लक्ष वेधले. टाळू सलग झाली तरी ती आखूड किंवा ताठ असेल, तर घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि नाकाचे दार उघडेच राहते. पॅरिसच्या व्हिक्तोर व्हो याने १९३१ च्या आपल्या ग्रंथात शल्यक्रियेचे यश वाणीवरून मोजले. या कामी त्याला साह्य केले ते ध्वनिशास्त्र शिकलेल्या सूझान बोरेल-मेझोनी यांनी. शल्यविद व ध्वनिशास्त्रज्ञ एकाच रुग्णाजवळ बसले, हे या इतिहासातील खरे वळण होय.

आजच्या चिकित्सेचा क्रम असा. छिद्र नुकतेच पडले असेल तर घाई करीत नाहीत. तोंड स्वच्छ ठेवणे, मऊ आहार देणे व वाट पाहणे हेच हिताचे असते; काही बारीक छिद्रे व्रण आकसताना मिटतातही. पुन्हा सांधण्यापूर्वी व्रणाची कठीण ऊती मऊ व्हावी म्हणून सामान्यतः निदान सहा महिने जाऊ देतात. नंतर नाकाकडील व तोंडाकडील असे दोन थर वेगवेगळे मिटवतात. मोठ्या छिद्रासाठी जिभेचा पडदा वापरण्याची रीत मेक्सिकोच्या ग्वेरेरो-सांतोस यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. जिभेवरील पट्टी देठासह टाळूला शिवतात आणि ती तेथे रुजल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, देठ तोडतात. हे तत्त्व महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याजवळ एका मराठा गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने नव्याने घडविल्याचा वृत्तान्त लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला होता, तेथेही देठ राखूनच कातडी वळविली होती.

प्रत्येक छिद्र बुजवावेच असे नाही. ते वाणी बिघडवते काय, हे आधी ठरवावे लागते आणि येथे वर्णस्थानांचे ज्ञान उपयोगी पडते. छिद्र कठीण टाळूच्या पुढील भागात असेल, तर प, त, स यांचा अडवलेला वारा त्यातून निसटतो. क, ग यांचा अडसर मात्र छिद्राच्या मागे असल्याने ते बहुधा शाबूत राहतात. क, ग हेही दुबळे असतील, तर दोष मृदुतालूच्या हालचालीत शोधावा. छिद्र तात्पुरते झाकून उच्चार सुधारतो काय, ही परीक्षाही सोपी आहे. काही मुले छिद्राला टाळण्यासाठी ‘त’च्या जागी ‘क’ उच्चारू लागतात. ही सवय जडली की छिद्र बुजल्यावरही ती आपोआप जात नाही. तिला वाक्‌चिकित्साच लागते.

विदर्भात या शाखेचा पाया नागपूरला घातला गेला. डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. १९७५ मध्ये त्यांनी मांडलेले ओठ व टाळू यांच्या दुभंगाचे त्रिगट वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश असल्याने असे मूल आता लहानपणीच नजरेस येऊ शकते.

परंतु त्याचे बोलणे कोणत्या मापाने मोजावयाचे? गोंदियात झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी अशा अनेक भाषा व बोली नांदतात. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही, ‘श’ नाही. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, ‘डोळा’ हा ‘डोरा’ होतो. प्रमाण मराठीच्या शब्दयादीवर परीक्षा घेणारा बाहेरचा परीक्षक हे उच्चार टाळूच्या माथी मारील, तर बोलीला रोग ठरविल्यासारखे होईल आणि निरोगी उच्चार दुरुस्त करण्यात मुलाचा काळ जाईल. उलट, हा बोलीचाच प्रकार असे समजून खरी गळती दुर्लक्षिली जाण्याचा धोकाही तेवढाच आहे. ‘पानी’मधील ‘न’ हा मुळातच अनुनासिक; त्यावरून गळतीचा निर्णय होत नाही. तो होतो ‘प’वरून, आणि ‘प’ या सर्व भाषांत आहे.

सारांश, टाळूवरील छिद्राची चिकित्सा शल्यविदाच्या हाती आरंभ पावते, पण ती पुरी झाली की नाही याचा निर्णय श्रोत्याच्या कानाने होतो. तो कान रुग्णाच्या मातृभाषेत तयार झालेला असला पाहिजे. झाडीबोली, पोवारी व गोंडी यांच्या ध्वनिव्यवस्थांवर आधारलेल्या उच्चार-परीक्षा सिद्ध करणे हे काम भाषाविभागांच्या आवाक्यातील आहे, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते हाती घेण्यासारखे आहे.