फोनविना कलम २२ : उलुबेरिया ते मीरा रोड

'बांगलादेशी' हा शब्द आला की आपल्यातले बरेच कार्यकर्ते गप्प बसतात. तो प्रश्न मुसलमानांचा, आपला नाही, अशी समजूत. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, वस्ती रस्त्यावर उतरली आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार करून आपली दहा माणसे मारली. सरकार शिवसेना-भाजप युतीचे, मुख्यमंत्री मनोहर जोशी. त्यानंतर एका वर्षाने, जुलै १९९८ मध्ये, त्याच सरकारच्या पोलिसांनी मुंबईतल्या बंगाली बोलणाऱ्या मुसलमानांना उचलले. त्यांत जरीकाम करणारे गरीब कारागीर होते. कुर्ल्याहून हावड्याला जाणाऱ्या गाडीत बसवून त्यांना सीमेकडे नेले जात होते. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकात लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना खाली उतरवले. ही माणसे आमची आहेत, भारतीय आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पश्चिम बंगाल सरकारनेही मुंबई पोलिसांच्या या कारभारावर आक्षेप घेतला.

रमाबाई नगरात आम्ही दरवर्षी अभिवादनाला जातो. उलुबेरियाचे नाव मात्र आमच्या सभांमध्ये कधी निघत नाही.

आता कायदा पाहा. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ९ ने पुराव्याचा भार आरोप करणाऱ्यावर नव्हे, आरोप झालेल्यावर टाकला. खुनाच्या खटल्यातही गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते. इथे मात्र 'मी परदेशी नाही' हे पकडलेल्यानेच दाखवायचे. हा ब्रिटिशांचा वारसा. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा लागू झाला, तरी हा भार तिथेच राहिला. मग कोठडीत बसलेला माणूस पुरावा आणणार कुठून? जन्मदाखला गावी, शाळेचा दाखला आईच्या पेटीत, जमिनीचा कागद चुलत्याकडे. त्याच्या हातात एकच साधन उरते, फोन. आणि पकडल्यावर पहिला काढून घेतला जातो तो फोनच.

बाबासाहेबांच्या संविधानात कलम २१ आणि २२ मध्ये 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' आहे. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. (शत्रुराष्ट्राचे लोक आणि प्रतिबंधात्मक स्थानबद्ध एवढे अपवाद त्यात आहेत.) आणि ज्याला बाबासाहेबांनी संविधानाचा आत्मा म्हटले त्या कलम ३२ चे काय? हेबियस कॉर्पसची याचिका करायला बाहेरच्या कुणाला तरी आधी कळायला हवे की माणूस आत आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की अटक झालेल्याच्या नातेवाइकाला कळवले पाहिजे. कळवणार पोलीस, कळवले की नाही हे लिहिणारही पोलीस!

२०२५ च्या जूनमध्ये तेच झाले. मीरा रोडसारख्या उपनगरांतून आणि महाराष्ट्रात इतरत्र उचललेले पश्चिम बंगालचे मजूर थेट बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले. ते भारतीय आहेत हे पुढे सिद्ध झाले आणि त्यांना परत आणावे लागले. तपासाचे कागद मागाहून फिरले, माणसे आधीच पलीकडे गेली होती.

"परदेशी माणसाला फुकटात फोन कशाला?" असे आम्हाला विचारले जाते. पण तो परदेशी आहे की नाही हेच तर ठरायचे आहे! आणि तो परदेशी असला तरी आईशी बोलणे हा गुन्हा नव्हे.

सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. केंद्राने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या डिटेन्शन सेंटरच्या आदर्श नियमावलीत संपर्काची सोय धरलेली आहे. कोविडमध्ये महाराष्ट्राच्या तुरुंगांत मुलाकात बंद झाली तेव्हा व्हिडिओ कॉल सुरू झालेच. २०२३ मध्ये येरवड्यात कैद्यांसाठी स्मार्ट कार्डाचा फोन आला. म्हणजे यंत्र आहे, तार आहे. मात्र कार्डात पैसे भरायला बाहेर कुणीतरी लागते, आणि उचललेल्या मजुराच्या घरी तर तो कुठे आहे हेच माहीत नसते. अमेरिकेत कोविडकाळात इमिग्रेशन कोठडीतल्यांना महिन्याला ५२० मिनिटे मोफत मिळत. २०२४ मध्ये ती बंद केली गेली. सवलत म्हणून दिलेली गोष्ट अशीच जाते. म्हणून आम्ही ती हक्क म्हणून मागतो.

आणखी एक आठवण. १९४६ मध्ये बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाण्याची वाट बंद होती. त्यांना निवडून दिले बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल आणि नमोशूद्र समाजाने. फाळणीत त्यांची गावे पाकिस्तानात गेली आणि ती माणसे निर्वासित झाली. आज बंगाली बोलीवरून माणूस पकडायचा ठरला, तर त्यांची नातवंडेही त्याच रांगेत उभी राहतात.

अंधेरी ते बोरिवली, घाटकोपर ते मुलुंड, प्रत्येक पोलीस ठाण्यात आमची मागणी एकच आहे : पडताळणीसाठी आणलेल्या प्रत्येक व्यक्तीला पहिल्याच तासात घरी आणि वकिलाला मोफत फोन, पुढे रोज एक व्हिडिओ कॉल, आणि त्याची नोंद त्या व्यक्तीच्या सहीने.