तळणाच्या तेलाची बखर

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या धंद्यात इतिहास म्हणजे मागल्या वर्षाचा ताळेबंद. जुळला तर विसरायचा आणि नाही जुळला तर डोळ्यांत तेल घालून शोधत बसायचं. पण या दिवाळीत माझ्या हातून एक ऐतिहासिक प्रमाद घडला आणि तेव्हापासून मला इतिहास वाचणं भाग पडलं.

प्रमाद वणीला घडला. वणी म्हणजे यवतमाळकडची नव्हे, नाशिककडची. सप्तशृंगीला सगळा महाराष्ट्र 'वणीची देवी' म्हणतो. वास्तविक देवी वर गडावर, कळवण तालुक्यात. आम्ही खाली, दिंडोरी तालुक्यात. पण नाव आमचं झालं आहे, आणि चुकून आपल्या खात्यावर जमा झालेली रक्कम आपण होऊन परत करणारा माणूस मी नोकरीच्या वीस वर्षांत पाहिलेला नाही.

तर आमच्या घरात, ओट्याखालच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात एक पितळी डबा असतो. तळून उरलेल्या तेलाचा. हा डबा माझ्या आठवणीत कधी रिकामा झालेला नव्हता. दिवाळीच्या चकल्यांचं तेल गाळून त्यात जायचं, होळीला कुरडया-पापडांसाठी त्यातलंच बाहेर यायचं, उरलेलं पुन्हा आत. पाडव्याच्या पुऱ्यांचं नवं तेल त्याच्यावर ओतलं जायचं. बँकेच्या भाषेत बोलायचं तर जमा आणि नावे चालू, पण खातं कधी बंद नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा अहवाल वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "तळलेलं तेल पुन्हा वापरता का हो?"

मी म्हणालो, "वापरतो म्हणजे काय, जपतो."

त्यानंतर ते जे बोलले, त्यातलं निम्मं मला कळलं आणि उरलेल्या निम्म्याने झोप उडाली. घरी येऊन आईला सरळ सांगावं, एवढं धैर्य माझ्यात नाही. बँकेत मी मोठमोठ्या बागायतदारांना थकबाकीबद्दल तोंडावर बोलतो, पण आईला 'तेल टाक' असं सांगणं हे वेगळं खातं आहे. म्हणून आई संध्याकाळी जगदंबेच्या देवळात गेल्याचं पाहून मी तो डबा गुपचूप सिंकमध्ये उपडा केला. वरून कढत पाणी आणि मूठभर कपडे धुण्याची पावडर. काम फत्ते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. दिंडोरी भागातली ती थंडी. सकाळी सिंकमधलं पाणी खाली जाईना. दुपारी मोरीतलंही जाईना. चार वाजता ते उलट वर येऊ लागलं. लक्ष्मी यायच्या दिवशी घरात काय यावं याला काही धरबंध नाही. शेवटी सणाचे जादा पैसे घेऊन प्लंबर आला आणि त्याने पाइपातून हातभर लांबीचा पिवळट पांढरा लोळा ओढून काढला.

आई चष्मा लावून जवळ आली. तिने त्याला बोट लावलं, हुंगलं आणि विचारलं, "एवढा साबण कुणी टाकला रे?"

नंतरच्या वाचनात मला कळलं की माझ्या घरातली रसायनशास्त्रज्ञ आईच आहे. आमचं बोअरिंगचं पाणी जड. त्यातला कॅल्शियम आणि तेलातली स्निग्धाम्लं एकत्र आली की खरोखरच एक तऱ्हेचा साबण होतो, पण फेस न येणारा, दगडासारखा. लंडनला २०१७ साली व्हाइटचॅपल भागाच्या गटारात असाच एक लोळा सापडला. अडीचशे मीटर लांब, वजन सुमारे १३० टन. तो फोडून काढायला काही आठवडे लागले आणि त्याचा एक तुकडा २०१८ साली लंडनच्या वस्तुसंग्रहालयात मांडला. इंग्रजांनी आपल्याकडचं काय काय नेऊन वस्तुसंग्रहालयात ठेवलं ते ठाऊकच आहे. स्वतःचं म्हणावं असं बहुधा हेच.

आता मुद्दा असा की हा लोळा आमच्या आजीच्या काळात का झाला नाही? तेल तर तेव्हाही होतं. किंबहुना आपल्या नाशिकात तेलाची पत फार जुनी. पांडवलेणी बघायला आपण जातो ते फोटो काढायला. पण बँकवाल्याने तिथे चप्पल काढूनच जायला हवं. नहपान राजाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण टक्का व्याज. हे सगळं दगडात कोरलेलं आहे, म्हणजे व्याजदर मध्येच कमी करायची सोय नाही. पुढे तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या वेळी, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेवी ठेवल्या गेल्या, आणि त्या ज्या श्रेणींकडे ठेवल्या त्यांत तिलपिषक, म्हणजे तीळ गाळणारे तेली होते. अशा ठेवीला शब्द होता 'अक्षयनीवी': मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं. हा शब्द वाचला आणि मला आमचा पितळी डबा आठवला.

आजीचा काळही मी थोडा पाहिला आहे. तेल घाण्यावरून यायचं आणि तळण सणावारी असायचं. चकल्या तळून उरलेलं तेल भाजीच्या फोडणीला. त्यातून उरलेलं काळपट तेल कंदिलाशेजारच्या पणतीत. गाळ बिजागऱ्यांना आणि रहाटाच्या चाकाला, नाहीतर बैलगाडीखाली टांगलेल्या वंगणाच्या नळकांड्यात. शनिवारी मारुतीला मात्र ताजं तेल. देवाच्या बाबतीत आजी उरलंसुरलं चालू देत नसे. कढईला जे चिकटून राही ते चुलीतली राख आणि नारळाच्या शेंडीने निघे. राख तेल पिऊन घेई आणि तिचा लगदा उकिरड्यावर जाई. मोरीत तेल उतरतच नसे. म्हणजे त्या घरात 'टाकाऊ तेल' नावाची वस्तूच नव्हती. एका कामातून निवृत्त झालं की ते दुसऱ्या खात्यात बदलीवर जाई.

मग एकेक खातं बंद होत गेलं. वीज आली, पणती दिवाळीपुरती उरली. गाडीला रबरी चाकं आणि बेअरिंग आली, वंगण गेलं. गॅस आला, राख गेली. आणि याच काळात तेल मात्र वाढलं. १९३७ साली डालडा बाजारात आला. त्या पिवळ्या डब्यातलं तूप किती घरांत गेलं ते असो, पण रिकामा डबा प्रत्येक घरात दोन ठिकाणी असेच. एक तुळशीखाली आणि दुसरा कुठे, ते सभ्य वाचकाला सांगायला नको. १९५५-५६ साली आपल्या देशात माणशी वर्षाला खाद्यतेल अडीच किलो आणि वनस्पती तूप किलोभरही नाही, असा हिशेब होता. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात खाद्यतेल माणशी १९.७ किलोवर गेलं आहे. जमा आठपट आणि नावे टाकायला एकच जागा: सिंक.

दुसऱ्या देशांनी या उरलेल्या तेलाचं काय केलं तेही पाहिलं. चरबीत क्षार मिसळला की साबण होतो आणि बाजूला ग्लिसरीन निघतं. ग्लिसरीनपासून नायट्रोग्लिसरीन, आणि १८६७ साली नोबेलसाहेबांनी त्याचं डायनामाइट केलं. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने गृहिणींना सांगितलं की तव्यावरची चरबी टाकू नका, डब्यात गाळून खाटकाकडे द्या. पौंडाला चार सेंट आणि पुढे वर रेशनचे दोन जादा गुण मिळत. डिस्नेने १९४२ साली त्यावर छोटा चित्रपट काढला. त्यात मिनी नावाची उंदरीण चरबी कुत्र्याच्या ताटात ओतायला निघते आणि रेडिओवरचा आवाज तिला थांबवतो. म्हणजे साऱ्या अमेरिकेच्या ओट्यावर आमच्या आईसारखाच डबा होता! फरक एवढाच की त्यांचा शत्रूवर पडायचा होता आणि आमचा आमच्याच पोटात.

इंजिनाचीही कथा आहे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं एक इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चाललं. ते पुढे लोक विसरले. आता आपल्या सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना काढली आहे. मोठ्या उपाहारगृहांतलं काळं तेल लहान गाड्यांवर जाऊन पुन्हा भज्यांत उतरू नये, हाही त्यामागचा हेतू. त्यांचा नियमही आहे: तेलातले 'ध्रुवीय घटक' पंचवीस टक्क्यांवर गेले की ते तेल बाद. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की हवेशी आणि अन्नातल्या पाण्याशी भांडून मोडतं, मग त्याचे तुकडे एकमेकांना चिकटतात. ते दाट होतं, काळवंडतं, त्यावर फेस येतो, लवकर धूर सोडतं आणि कढईच्या काठाला चिकट पापुद्रा धरतं. जुन्यात नवं ओतलं तर जुन्याची खोड नव्याला लागते. हे मला एकदम पटलं. हे तर चक्रवाढ व्याज! कर्जदारही असाच बुडतो.

एवढा अभ्यास झाल्यावर मी आईला खरं सांगितलं. डबा मीच उपडा केला म्हणून.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने म्हणाली, "सत्याहत्तर साली लग्न होऊन आले ना, त्या दिवाळीला सासूबाईंनी हा डबा हातात दिला. म्हणाल्या, यातलं तेल आटू द्यायचं नाही. पुढे रेशनवर पामतेल मिळायचं. तू पोटात असताना रांगेत उभी राहिले, नंबर आला नि तेल संपलं. पण त्या दिवाळीला चकली झाली. या डब्यातल्या तेलावर झाली."

मी गप्प. पंचवीस टक्क्यांचा नियम सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. माझ्या हिशेबाने त्या डब्यात कुठेतरी १९७७ च्या दिवाळीतला थेंब होता. आरोग्याच्या दृष्टीने ही भयंकर गोष्ट आहे हे मला कळत होतं. आणि तो थेंब मी पावडर टाकून सिंकमध्ये सोडला, हेही कळत होतं.

सौभाग्यवती म्हणाली, "आई, गडावरच्या देवीचं नाही का झालं? किती वर्षं तेलात कालवलेला शेंदूर थरावर थर चढत होता. २०२२ साली देऊळ दीड महिना बंद ठेवून तो उतरवला. सगळे घाबरले होते, आता काय दिसतंय म्हणून. आणि आतून मूळ मूर्ती किती रेखीव निघाली!"

सौभाग्यवतीने आईच्या बाजूने बोलावं की माझ्या, हे मला सतरा वर्षांत कळलेलं नाही. पण आई बराच वेळ त्या डब्याकडे पाहत बसली.

मग मी हळूच प्राधिकरणाची सूचना सांगितली: घरचं थोडं तेल उरलं तर थंड करून वाळूत किंवा जुन्या फडक्यात मुरवून कचऱ्यात टाकावं, गटारात ओतू नये. कढई आधी कागदाने पुसावी, मग घासावी.

"वाळूत?" आई म्हणाली. "म्हणजे सासूबाईंची राखच की. त्याला सरकार कशाला लागतं?"

"पण टाकायचं तर खरं ना?"

"टाकायची पाळी का आणायची मी म्हणते! एवढी मोठी कढई काढायची, निम्मा डबा तेल ओतायचं आणि मग उरलं म्हणून रडायचं. लहान कढईत चार-चार तळावं. वेळ लागतो. लागू दे."

तुळशीच्या लग्नाला पुऱ्या केल्या त्या छोट्या लोखंडी कढईत. खूप वेळ लागला. मी दोनदा विचारायला गेलो आणि दोनदा हाकललो गेलो. शेवटी कढईत दोन पळ्या तेल उरलं, ते तिने दुसऱ्या दिवशी फोडणीला घातलं आणि संपवलं. डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. दोन पळ्या तेवढं चालतं असं माझं मत आहे.

पितळी डबा आईने चिंचेने घासून लखलखीत केला. त्यात आता पणतीच्या वाती असतात. प्लंबरचे पैसे मात्र मी अजून घरखर्चात दाखवलेले नाहीत. कुठल्या खात्यात टाकावे ते ठरत नाही.