हवानातली लग्नं

क्युबा म्हटलं की आपल्याला कॅस्ट्रो, साखर आणि चिरूट आठवतात. मला मात्र तिथल्या लग्नांनी विचारात पाडलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, मदत आटली आणि घराघरात खायचे वांधे झाले. सरकारने पर्यटकांना दारं उघडली, १९९३ मध्ये लोकांना डॉलर बाळगायची मुभा दिली. पर्यटकांच्या मागेपुढे करणाऱ्या तरुणांना लोक 'हिनेतेरो' म्हणू लागले, म्हणजे घोडेस्वार! त्यातून परदेशी पाहुण्यांशी कितीतरी लग्नं जुळली. ती 'कागदांसाठी' केलेली, असं म्हणून लोक मोकळे होतात. (आपण स्थळ बघताना पगार विचारतोच की!) गरज होती म्हणून माया खोटी, हे मला पटत नाही.

आणि परवड बघा, २००८ पर्यंत सामान्य क्युबन माणसाला आपल्याच देशातल्या पर्यटकांच्या हॉटेलात खोली मिळत नसे. देश सोडायला सरकारी परवाना लागे. परवानगीविना ११ महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं, तर रहिवासाचा हक्कच जाई. २०१३ मध्ये तो परवाना रद्द झाला, मुदत २४ महिने झाली. त्याआधी कायमची गेलेली लेक माहेरी यायची तीसुद्धा परवानगी काढून, बॅगेत आईसाठी साबण आणि औषधं घेऊन, मोजक्या दिवसांसाठी.