दुष्काळ, ईश्वराचे चांगुलपण आणि पंडिता रमाबाई : एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती चिंतनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नैसर्गिक आपत्तीत निरपराध माणसे मृत्युमुखी पडतात, तेव्हा ईश्वर चांगला आहे आणि तो सर्वशक्तिमानही आहे, ही दोन विधाने एकत्र कशी टिकतात? ख्रिस्ती ईश्वरविज्ञानातील हा अतिशय जुना आणि आजही न सुटलेला प्रश्न आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा युरोपीय तत्त्वज्ञांच्या ग्रंथांच्या आधारे केली जाते. महाराष्ट्रातही हा प्रश्न केवळ ग्रंथांतून नव्हे, तर प्रत्यक्ष उपासमारीतून उभा राहिला होता, याकडे मात्र अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचे जीवन या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरते. त्यांनी पहिला दुष्काळ हिंदू कुटुंबातील एक मुलगी म्हणून भोगला, तर पुढचे दोन दुष्काळ ख्रिस्ती सेविका म्हणून पाहिले. प्रश्न तोच, पण तो विचारणारीची श्रद्धा बदललेली, असा हा दुर्मीळ प्रसंग आहे. रमाबाईंनी या प्रश्नाला कोणते उत्तर दिले आणि त्या उत्तराच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ख्रिस्ती परंपरेतील दोन प्रवाह

आपत्तीचा अर्थ लावण्याचे दोन प्रवाह ख्रिस्ती परंपरेत प्रारंभापासून दिसतात. पहिल्या प्रवाहानुसार आपत्ती ही पापाची शिक्षा होय. जुन्या करारातील अनेक कथांना हा अर्थ अभिप्रेत आहे. दुसरा प्रवाह या समीकरणाविषयी साशंक आहे. ईयोबाच्या ग्रंथात नीतिमान मनुष्यावर संकटे कोसळतात आणि त्याच्या दुःखाचे कारण त्याच्याच पापात शोधणाऱ्या मित्रांना अखेरीस ईश्वराकडून दोष मिळतो. लूककृत शुभवर्तमानात बुरूज कोसळून मेलेली माणसे इतरांहून अधिक पापी होती, ही समजूत येशूने नाकारल्याचा प्रसंग आहे. योहानकृत शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी विचारलेल्या प्रश्नालाही असेच उत्तर मिळते.

युरोपात या दोन प्रवाहांचा संघर्ष १ नोव्हेंबर १७५५ रोजी झालेल्या लिस्बनच्या भूकंपानंतर तीव्र झाला. तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता. चर्चमध्ये प्रार्थनेसाठी जमलेले अनेक लोक तेथेच गाडले गेले. जे आहे ते शक्य असलेल्या जगांपैकी सर्वोत्तम जग आहे, या लायब्निट्झच्या १७१० मधील प्रतिपादनावर व्हॉल्टेअरने कठोर प्रहार केला तो याच घटनेनंतर. गाब्रिएल मालाग्रिडा या जेझुइट धर्मगुरूने भूकंप हा ईश्वरी कोप असल्याचे सांगून लोकांना पश्चात्तापाचे आवाहन केले. शहराची पुनर्बांधणी करणारा मंत्री पोंबाल याला ही शिकवण घातक वाटली, कारण आपत्ती हीच शिक्षा असेल तर मदतकार्य दुय्यम ठरते. म्हणजेच आपत्तीचा अर्थ कसा लावला जातो यावर आपत्तीनंतर माणसे काय करतात, हे अवलंबून असते. रमाबाईंच्या विचारांचे परीक्षणही याच कसोटीवर करणे उचित ठरेल.

दुष्काळ : निसर्ग आणि व्यवस्था

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आणि मध्य हिंदुस्थानात १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे तीन मोठे दुष्काळ पडले. तिन्हींच्या मुळाशी पावसाने दिलेली ओढ होती. तथापि पावसाचा अभाव आणि मनुष्यहानी यांच्यामध्ये राज्यव्यवस्था, बाजार आणि समाजरचना उभी होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानेही दुष्काळात शेतमजुराचा रोजगार बुडतो आणि धान्य विकत घेण्याची त्याची ऐपत संपते, हे मान्य केले होते. या आयोगाच्या शिफारशींतून दुष्काळ संहिता तयार झाल्या. १८९६-९७ मध्ये पुणे सार्वजनिक सभेने या संहितेतील तरतुदी खेडोपाडी पोहोचवून रयतेला तिच्या हक्कांची जाणीव करून दिली, तेव्हा सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली.

त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. धान हे येथील मुख्य पीक असल्याने मोसमाच्या अखेरचा पाऊस चुकला तर भरलेले पीकही हाती लागत नाही. हा धोका ओळखूनच पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाने, या भागात तलावांचे जाळे निर्माण केले होते. हे तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. पाऊस माणसाच्या हाती नसला तरी पाणी साठविणे त्याच्या हाती आहे, ही समज या तलावांत मूर्त झालेली दिसते. तरीही लागोपाठच्या दोन दुष्काळांत मध्य प्रांताची हानी इतकी झाली, की १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. भंडारा जिल्हाही या घटीला अपवाद नव्हता. याच मध्य प्रांतात १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आल्या.

पहिला दुष्काळ : मौन देवतांचा अनुभव

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान आणि पुराणिक होते. पत्नी व मुलींना संस्कृत शिकविण्याचा त्यांचा निर्धार त्या काळी धाडसाचा होता. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांवर या कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा ऐपत संपली आणि कुटुंबाने उपवास, दानधर्म व देवदर्शन यांचा आधार घेतला. अन्न संपल्यावर वडिलांनी जलसमाधीचा विचार केला आणि मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखविल्यावर तो सोडून दिला, असा प्रसंग रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात वर्णिला आहे. वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचे एकामागोमाग निधन झाले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच उरले. पायी भटकत ही भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

हा प्रसंग रमाबाईंनी लिहिला तो १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर अनेक वर्षांनी. त्यामुळे त्यात स्मरणाबरोबरच अर्थनिर्णयनही आहे. देवतांची आराधना करूनही अन्न मिळाले नाही, हे त्यांच्या लेखनात जुन्या श्रद्धेविरुद्धच्या पुराव्यासारखे येते. परंतु येथेच एक तार्किक पेच निर्माण होतो. देवता मौन राहिल्या हा त्यांच्या असत्यतेचा पुरावा मानला, तर १८९७ मध्ये आणि १९०० मध्ये ज्या लाखो लोकांच्या प्रार्थनांना उत्तर मिळाले नाही, त्यांच्याबाबत ख्रिस्ती ईश्वराविषयीही तोच प्रश्न विचारता येतो. रमाबाईंनी या पेचाची तात्त्विक मांडणी केलेली नाही. त्यांचे उत्तर कृतीत शोधावे लागते.

मध्य प्रांतातून केडगावकडे

१८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले आणि पुढच्या वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन हे विधवांसाठीचे विद्यालय होते. मध्य प्रांतातील दुष्काळाची वार्ता कानी आली तेव्हा आपल्या किशोरवयातील उपासमारीचे स्मरण होऊन स्वस्थ बसणे रमाबाईंना अशक्य झाले. दुष्काळग्रस्त भागात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना आश्रय दिला. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या मोठ्या समूहाला ठेवणे शक्य नसल्याने केडगाव येथील शेतजमिनीवर निवाऱ्याची सोय करण्यात आली. तेथेच मुक्ती सदनाचा विस्तार झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजस्थानकडील मुलीही तेथे आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दुष्काळी भागाविषयी रमाबाईंनी १८९७ मध्ये लिहिलेल्या वृत्तान्तात एक भेद लक्षणीय आहे. पाऊस का पडला नाही, याचा ईश्वराकडे जाब त्या मागत नाहीत. तो विषय त्या ईश्वरी योजनेवर सोपवितात. परंतु सरकारी अन्नछत्रे व मदत छावण्यांमध्ये निराधार मुलींची जी आबाळ होते आणि दुष्ट माणसे त्यांना ज्या रीतीने जाळ्यात ओढतात, त्याविषयी त्यांची लेखणी स्पष्ट आरोप करते. तेथे त्या ईश्वरी इच्छेचा आधार घेत नाहीत. म्हणजेच आपत्तीचे दोन भाग त्यांच्या मनात वेगळे झालेले होते. निसर्गाचा भाग श्रद्धेने सहन करावयाचा आणि मनुष्यकृत भाग मात्र सहन करावयाचा नाही, अशी ही विभागणी होती.

प्लेगच्या वेळी हा भेद अधिक ठळक झाला. त्याच वर्षी पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेतील दोष आणि तेथे आपल्या आश्रयास असलेल्या एका मुलीची झालेली हेळसांड यांविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रातून जाहीर तक्रार केली. हे पत्र ख्रिस्ती होते आणि तक्रार ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या प्रशासनाविरुद्ध होती. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. साथ ही ईश्वराची इच्छा मानून गप्प राहण्याचा मार्ग त्यांना उपलब्ध होता. त्यांनी तो स्वीकारला नाही.

स्वतः वाचल्याचा अर्थ त्यांनी वेगळा लावला. आपण अधिक पुण्यवान होतो म्हणून वाचलो, असा दावा त्या करीत नाहीत. वाचलेल्यावर इतरांना वाचविण्याचे ऋण असते, अशी त्यांची धारणा दिसते. केडगावला शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना आणि अंधांसाठी शिक्षण अशी कामे उभी राहिली. अन्नछत्रात जेवण मिळते आणि संपते. हाताला आलेले काम मात्र पुढच्या दुष्काळातही साथ देते. रोजगार बुडाल्याने माणसे मरतात, हे आयोगाने नोंदविलेले सत्य रमाबाईंनी आयोगाच्या भाषेत मांडले नसले, तरी त्यांच्या संस्थेच्या रचनेत ते उतरलेले आहे.

मर्यादा आणि आक्षेप

रमाबाईंच्या या उत्तराला मर्यादा आहेत. पहिली मर्यादा राजकीय स्वरूपाची आहे. १८८९ च्या मुंबईतील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. तरीही सारावसुली, धान्याची निर्यात आणि दारिद्र्य यांचा जो संबंध दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त मांडीत होते, त्याला त्यांच्या दुष्काळविषयक लेखनात मध्यवर्ती स्थान नाही. छावणीतील अधिकाऱ्यांचे वर्तन त्यांना दिसले. छावणी निर्माण करणारी अर्थव्यवस्था तितक्या स्पष्टपणे त्यांच्या टीकेच्या कक्षेत आली नाही. त्यांचे वृत्तान्त इंग्लंड-अमेरिकेतील देणगीदारांसाठी लिहिले जात असल्याने हिंदू समाजातील स्त्रियांच्या दुःस्थितीवर त्यांत अधिक भर पडला, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा आहे. शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडला होता. मुक्ती सदन तर उघडपणे ख्रिस्ती होते. भुकेल्या मुलीने अन्नासोबत स्वीकारलेला धर्म कितपत स्वेच्छेचा, हा प्रश्न समकालीनांनी विचारला आणि तो गैरवाजवी म्हणता येत नाही. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर वाढलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांबाबतही हाच प्रश्न मिशनऱ्यांपुढे उभा होता. आपत्ती ही ईश्वराने दिलेली सेवेची संधी आहे, या विचाराचे रूपांतर आपत्ती ही प्रसाराची संधी आहे, या विचारात सहज होऊ शकते. या दोहोंमधील सीमारेषा रमाबाईंच्या कार्यातही सदैव स्पष्ट राहिली, असे म्हणता येणार नाही. मात्र ज्या मुलींना त्यांनी आणले, त्यांना आश्रय देण्यास त्या घडीला दुसरे कितीजण पुढे आले, हा प्रतिप्रश्नही तितकाच वाजवी आहे.

तिसरी मर्यादा तात्त्विक आहे. वाचलेल्यांच्या जीवनाला रमाबाईंच्या श्रद्धेने अर्थ दिला, परंतु न वाचलेल्यांचे काय, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नाही. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा हिचेही निधन झाले. त्यानंतरही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले. हे त्यांच्या श्रद्धेच्या बळाचे प्रमाण आहे, प्रश्नाचे उत्तर नव्हे.

समारोप

आपत्तीला पापाची शिक्षा मानण्याची प्रवृत्ती एका धर्मापुरती मर्यादित नाही. १९३४ च्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाशी जोडले, तेव्हा अस्पृश्यतानिवारणाचे समर्थक असलेल्या रवींद्रनाथ टागोरांनीच त्या युक्तिवादास विरोध केला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरच्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. लिस्बनप्रमाणेच येथेही सणाची सावली होती. तेथे पुष्कळांचा बळी घेतला तो दगडमातीच्या जड भिंतींनी आणि माळवदांनी. भूमी का हादरली, हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा आणि श्रद्धेचा असेल. भिंती का कोसळल्या, हा प्रश्न माणसांचा आहे.

रमाबाईंच्या दुष्काळविषयक विचारांचे ऐतिहासिक मोल याच विवेकात आहे. ईश्वराच्या चांगुलपणावरील त्यांचा विश्वास अढळ होता, पण त्या विश्वासाचा उपयोग त्यांनी छावणीतील अत्याचार किंवा रुग्णालयातील हेळसांड झाकण्यासाठी केला नाही. ईश्वराला निर्दोष ठरविण्याच्या प्रयत्नात माणसेही निर्दोष ठरू लागतात, हा या विषयावरील चिंतनातील जुना धोका आहे. रमाबाईंनी तो बऱ्याच अंशी टाळला. जेथे तो टाळता आला नाही, तेथे त्यांच्या काळाची, देणगीदारांवरील अवलंबित्वाची आणि धर्मप्रसाराच्या ओढीची मर्यादा दिसून येते. या दोन्ही बाजू एकत्र ठेवूनच त्यांच्या कार्याचे मूल्यमापन होणे आवश्यक आहे.