हृदयाचे गणित

मराठी भाषेने हृदयावर भावनांचा मोठाच भार टाकला आहे. दुःखाने ते विदीर्ण होते, आनंदाने उचंबळते, करुणेने द्रवते आणि निष्ठुर माणसाच्या ठायी त्याचा पाषाण होतो. परंतु छातीतील हा मुठीएवढा स्नायू प्रत्यक्षात करतो काय, हे समजण्यास वैद्यकशास्त्राला शतकानुशतके लागली.

युरोपात गेलन या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्याचे वचन सुमारे चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांवाटे शरीरभर जाते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे तेथेच जिरून जाते, असे त्याचे मत होते. हृदयाच्या मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून थोडे रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही तो सांगे. ही छिद्रे कोणीच पाहिलेली नव्हती. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब वैद्याने ती नाहीतच, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे लिहून ठेवले होते. पण त्या लेखनाचे महत्त्व आधुनिक अभ्यासकांच्या ध्यानी आले ते १९२४ साली.

१५७८ मध्ये इंग्लंडात जन्मलेला विल्यम हार्वे इटलीतील पादुआ येथे शिकला. त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी नीलांमधील झडपा दाखविल्या होत्या. या झडपा रक्ताला केवळ हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात, हे मर्म हार्वेने ओळखले. मग त्याने एक साधा हिशेब मांडला. प्रत्येक ठोक्याला हृदयातून अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले, आणि अर्ध्या तासात ठोके केवळ एक हजार धरले, तरी ५०० औंस रक्त होते. एवढे रक्त सबंध शरीरातही नसते. मग खाल्लेल्या अन्नातून ते दर अर्ध्या तासाला नवे कसे तयार होणार? तेव्हा तेच रक्त फिरून पुन्हा हृदयाकडे येत असले पाहिजे. १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लहानशा लॅटिन ग्रंथाचा हा गाभा होय.

या ग्रंथानंतर हार्वेकडे येणारे रुग्ण कमी झाले, असे त्याचा समकालीन चरित्रकार जॉन ऑब्री याने नमूद केले आहे. हिशेबात एक दुवाही उणा होता : रोहिण्यांतील रक्त नीलांत शिरते कसे? १६५७ मध्ये हार्वे निवर्तला. पुढे १६६१ मध्ये माल्पीगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जुळला.

आज हृदयाचे चार कप्पे, त्यांच्या झडपा आणि मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलण्याचे त्याचे सामर्थ्य शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्याचे विकारही याच अभिसरणाच्या भाषेत समजतात. बालपणी घसा सुजण्याचे निमित्त होऊन संधिवाताचा ज्वर येतो आणि झडपा आखडतात. मग रक्ताची वाट अडते किंवा ते मागे परतू लागते. साऱ्या देहाला रक्त पुरविणाऱ्या हृदयाचे स्वतःचे पोषण मात्र दोन रोहिण्यांवर अवलंबून असते. त्यांतील एखादी शाखा तुंबली की तेवढ्या भागातील स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका.

१९२९ मध्ये जर्मनीतील वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने वरिष्ठांची मनाई असतानाही स्वतःच्या दंडातील नीलेतून सुमारे ६५ सेंटीमीटर नळी आत सरकविली, आणि तशाच स्थितीत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन ती हृदयात पोचल्याचे छायाचित्र घेतले. त्याचीही उपेक्षा झाली; नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ मध्ये, अन्य दोघांसह. नीलेची वाट हृदयाकडेच जाते, या हार्वेच्या सिद्धान्तावर फोर्समानने आपला जीव लावला होता. आज ज्या रुग्णाची तुंबलेली रोहिणी नळी घालून मोकळी केली जाते, त्याच्या प्राणांमागे अर्ध्या औंसाचा तो हिशेब उभा असतो.