हडंब्याच्या तोंडातला हात : एक विसरलेला कायदा

सोयाबीनची सुगी तोंडावर आलीय. आठ-पंधरा दिवसांत शिरड शहापूरच्या शिवारात रात्री उशिरापर्यंत हडंबे घरघरतील. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

आमच्या लहानपणी खळं असायचं. शेणानं सारवलेलं, मधोमध तिवडा आणि भोवती फिरणारी बैलांची पात. काम आठ-आठ दिवस चालायचं, पण त्यात कुणाचा हात गेल्याचं मी कधी ऐकलं नाही. मळणीयंत्र आलं, आठवड्याचं काम दोन तासांवर आलं, आणि गावागावांत एका हाताची माणसं दिसू लागली. माझ्या नात्यातल्याच एकाचा पंजा असा गेला. पेंढी सारताना बाहीच आत ओढली गेली.

हरितक्रांतीनंतर देशभर हे इतकं वाढलं की संसदेला कायदा करावा लागला. धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा, १९८३. त्यात मळणीयंत्र बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला परवाना सक्तीचा केला, आणि यंत्रावर काम करताना जखमी झालेल्या मजुराला भरपाईची तरतूद केली. भारतीय मानकानुसार पेंढी सारायची नळी किमान ९० सेंटिमीटर लांब हवी आणि त्यातली ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली हवी. कारण साधं आहे. माणसाचा हात आतल्या फिरत्या दात्यांपर्यंत पोचूच नये. आता आपल्या गावातल्या यंत्रांकडे बघा आणि मोजा.

शस्त्रक्रियेचा इतिहासही याच काळातला. १९६२ साली अमेरिकेत बोस्टनला रेल्वेच्या अपघातात हात तुटलेल्या १२ वर्षांच्या मुलाचा हात डॉक्टरांनी परत जोडला. १९६५ साली जपानमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून पूर्ण तुटलेला अंगठा जोडला गेला. आज हे आपल्या मोठ्या शहरांत होतं. पण हडंबा हात कापत नाही, चेंदतो, त्यामुळे जोडायला बऱ्याचदा काही उरत नाही. आणि वेळ फार थोडा असतो. मनगटाच्या वरून तुटलेला हात थंड ठेवला नाही तर साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतात.

म्हणून हे लक्षात ठेवा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात वर उचलून ठेवा. हळद, चुना, माती काही लावू नका. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. थेट बर्फावर ठेवला तर तो भाग खराब होतो.

आता खरा प्रश्न. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक हात गेला तर १ लाख आणि दोन्ही गेले तर २ लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुतेक वेळा गुत्त्यावर आलेला भूमिहीन मजूर. सातबारा नाही, म्हणून योजना नाही. त्याच्यासाठी कायदा १९८३ पासून कागदावर आहे, पण तो कुणाला माहीतच नाही.

ग्रामसभेत एवढंच मागू : सुगीआधी गावात येणाऱ्या प्रत्येक यंत्राची नळी मोजा. आखूड असेल तर ते यंत्र खळ्यावर लावू नका. आणि शेतकरी बांधवांनो, पदर, रुमाल, सैल बाही आणि दारू यांतलं काहीही हडंब्याजवळ नको. सोयाबीन एक दिवस उशिरा निघालं तरी चालेल.